घरातील पाळीव कोंबडी

घरातील पाळीव कोंबडी म्हणजे अंडी किंवा मांस यांच्या उत्पादनासाठी नव्हे, तर प्रामुख्याने सोबतीसाठी माणसाच्या राहत्या घरात ठेवली जाणारी कोंबडी (शास्त्रीय नाव: गॅलस गॅलस डोमेस्टिकस). अशी कोंबडी दिवसाचा सर्व किंवा बराचसा वेळ घराच्या आत, माणसांच्या सान्निध्यात घालवते. अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही पाश्चात्त्य देशांत ही प्रथा एकविसाव्या शतकात अधिक ठळकपणे दिसू लागली. भारतीय शहरांत ती बहुतांशी रस्त्यावर विकत मिळणाऱ्या पिल्लांच्या रूपाने आढळते. कुत्रा किंवा मांजर यांच्याप्रमाणे कोंबडीला माणसाच्या खोलीत वावरण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय नाही. ती जमीन उकरणारा, कळपात राहणारा आणि अंधार पडताच उंचावर बसून झोपणारा पक्षी आहे. त्यामुळे लहान घरात तिला ठेवताना जागा, विष्ठा, प्रकाश, आवाज आणि रोगसंसर्ग असे अनेक प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. ही प्रथा पक्ष्याच्या हिताची आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत.

व्याप्ती

कोंबडी रात्री घरात घेणे आणि कोंबडी घरात पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कोंबड्या दिवसभर परसात, उकिरड्यावर आणि गोठ्याभोवती चरतात. मुंगूस, रानमांजर किंवा कोल्हा यांच्या भीतीने तिन्हीसांजेला त्यांना खुराड्यात कोंडले जाते. खुराडे नसेल तर पडवीत किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डालग्याखाली झाकले जाते. या पद्धतीत घर हा केवळ रात्रीचा आसरा असतो. उकरणे, धुळीत लोळणे, किडे टिपणे हे सर्व बाहेरच घडते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या प्रथेत मात्र कोंबडीचे सर्व व्यवहार चार भिंतींच्या आत होतात, किंवा तिला सज्जा वा गच्चीवर थोडा वेळ सोडले जाते. आजारी, अपंग किंवा एकट्या उरलेल्या कोंबडीला काही काळ घरात ठेवणे हा या दोहोंमधला प्रकार होय. पाश्चात्त्य देशांतील अनेक ‘घरकोंबड्यां’ची सुरुवात अशा तात्पुरत्या शुश्रूषेतूनच झालेली असते.

इतिहास

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा आहे. चार्ल्स डार्विन याने एकोणिसाव्या शतकात हे मत मांडले होते आणि आधुनिक जनुकीय अभ्यासाने त्याला पुष्टी मिळाली. तथापि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अनेक जातींच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते जनुक राखाडी रानकोंबड्याकडून (गॅलस सोनेराटी) आलेले आहे. हा पक्षी सह्याद्रीच्या जंगलांत आजही आढळतो. कोंबडी माणसाळल्याचा काळ पूर्वी बराच मागे नेला जात असे. २०२२ मधील एका व्यापक पुरातत्त्वीय अभ्यासाने थायलंडमधील बान नॉन वाट येथील इ.स.पू. सुमारे १६५० ते १२५० या काळातील हाडे सर्वांत जुनी निःसंदिग्ध मानली, आणि या प्रक्रियेचा संबंध भातशेतीशी जोडला. भातखाचरांतील सांडलेल्या धान्यामुळे रानकोंबडे वस्तीजवळ आले, असा हा तर्क आहे.

शोभेसाठी व कौतुकासाठी कोंबडी पाळण्याची मोठी लाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड आणि अमेरिकेत आली. चीनमधून आलेल्या, पायांवरही पिसे असलेल्या धिप्पाड कोंबड्या राणी व्हिक्टोरियाच्या संग्रहात दाखल झाल्या आणि त्यानंतर उच्चभ्रू वर्गात त्यांची चढाओढ सुरू झाली. अमेरिकेतील व्यापारी जॉर्ज बर्नहॅम याने राणीला कोंबड्या भेट पाठवून आपल्या मालाची जाहिरात साधली, आणि पुढे १८५५ मध्ये या वेडावर ‘हेन फीव्हर’ या नावाने ओळखले जाणारे उपरोधिक पुस्तकही लिहिले. त्या काळी नावारूपाला आलेल्या ‘ब्रह्मा’ जातीचे नाव ब्रह्मपुत्रा नदीवरून पडले आहे. मात्र जातीची घडण अमेरिकेतच झाली. या साऱ्या कौतुकाच्या कोंबड्या अंगणातल्या व प्रदर्शनातल्या होत्या. दिवाणखान्यात त्यांना प्रवेश नव्हता.

विसाव्या शतकात कोंबडीपालन औद्योगिक झाले. रुथ हॅरिसन यांच्या ‘अ‍ॅनिमल मशिन्स’ (१९६४) या पुस्तकाने पिंजऱ्यातील कोंबड्यांची स्थिती ब्रिटिश जनतेसमोर आणली आणि त्यातून नेमलेल्या ब्रँबेल समितीने १९६५ मध्ये अहवाल दिला. युरोपीय संघात १ जानेवारी २०१२ पासून साध्या, रिकाम्या पिंजऱ्यांवर बंदी आली. अशा पिंजऱ्यांत बंदीपूर्वी प्रत्येक कोंबडीसाठी किमान ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका ए-फोर कागदाहूनही कमी, जागेची अट होती. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्टसारख्या संस्था उत्पादनक्षम काळ संपलेल्या कोंबड्या कत्तलखान्यात जाण्यापूर्वी सोडवून कुटुंबांना देतात. पिसे झडलेल्या, अशक्त अवस्थेत घरी आलेल्या या कोंबड्यांपैकी काही घरातच राहिल्या. २०२० च्या महासाथीच्या काळात अमेरिकेत पिल्लांची मागणी एकाएकी वाढली आणि हौशी पाळणाऱ्यांची संख्याही वाढली.

घरात ठेवल्या जाणाऱ्या जाती

घरासाठी सामान्यतः लहान आकाराच्या म्हणजे ‘बँटम’ जाती निवडल्या जातात. हे नाव जावा बेटावरील बांतेन या जुन्या बंदरावरून आले. त्यांत सिल्की ही जात सर्वाधिक लोकप्रिय आहे. तिच्या पिसांतील सूक्ष्म आकड्यांची रचना अपूर्ण असल्याने पिसारा केसाळ दिसतो व तिला नीट उडता येत नाही. कातडी काळसर आणि प्रत्येक पायाला चारऐवजी पाच बोटे असतात. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याच्या वृत्तांतात मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांचा उल्लेख आहे, तो याच जातीचा असावा असे मानतात. मलेशियातील केलांतान राज्यात विकसित झालेली सेरामा ही जगातील सर्वांत लहान जातींपैकी एक असून तिचे वजन बहुधा ५०० ग्रॅमपेक्षा कमी भरते. पेकिन आणि आखूड पायांची जपानी चाबो या जातीही शांत स्वभावासाठी प्रसिद्ध आहेत.

भारतीय जातींपैकी कोणतीही घरातील वावरासाठी विकसित झालेली नाही. मध्य प्रदेशातील झाबुआ परिसरातील कडकनाथ (२०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त) काळ्या रंगामुळे आकर्षक दिसतो, परंतु तो चपळ व भित्रा असून चटकन उंच उडतो. असील ही झुंजीसाठी जोपासलेली जात आहे आणि तिचे नर एकमेकांना सहन करत नाहीत. अंड्यांसाठी वाढवलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्याही बिचकणाऱ्या असतात. तपकिरी अंडी देणारे संकर त्या मानाने माणसाळतात.

लहान घर आणि कोंबडीच्या गरजा

परसातील कोंबडीसाठी सर्वसाधारणपणे खुराड्यात प्रत्येकी सुमारे ४ चौरस फूट आणि बाहेर फिरण्यासाठी १० चौरस फूट जागा सुचवली जाते. घराच्या आत ठेवलेल्या कोंबडीसाठी असे सर्वमान्य प्रमाण नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घराचे चटई क्षेत्र सध्या ३०० चौरस फूट असते. आकड्यांच्या हिशेबाने अशा घरात दोन कोंबड्या सहज मावतात. पण त्याच जागेत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि धुणेभांडी हे सर्व चालत असते, हे त्या हिशेबात येत नाही. खरी अडचण क्षेत्रफळाची कमी आणि जागेच्या स्वरूपाची अधिक आहे. गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय फाकतात आणि पुढे कायमचे वाकडे राहू शकतात. कठीण पृष्ठभागावर सतत चालण्याने व उड्या मारण्याने तळपायाला जखम होऊन त्यात पू होतो. तिथे बहुधा स्टॅफिलोकॉकस जीवाणूंचा संसर्ग असतो. यासाठी वावराच्या भागात रबरी चटई किंवा जाड गोणपाट अंथरतात. बसण्यासाठी चार-पाच सेंटिमीटर रुंदीची, कडा गोल केलेली लाकडी पट्टी द्यावी लागते. ती न दिल्यास कोंबडी खुर्चीची पाठ, शिवणयंत्र किंवा दूरचित्रवाणी संच असे घरातील उंच ठिकाण स्वतःच शोधते.

विष्ठा हा या प्रथेतील सर्वांत व्यावहारिक प्रश्न होय. पक्ष्यांना मूत्राशय नसते. मूत्रातील नायट्रोजन पांढऱ्या युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेसोबतच बाहेर पडतो. मध्यम आकाराची कोंबडी दिवसात शंभर ग्रॅमहून अधिक विष्ठा टाकते, तीही थोड्या थोड्या वेळाने. याशिवाय आंधळ्या आतड्यांतून दिवसातून काही वेळा पातळ, तपकिरी आणि अतिशय दुर्गंधीयुक्त विष्ठा येते. नवखे लोक तिला हगवण समजतात, पण ती निरोगी पचनाची खूण आहे. ओलाव्यात युरिक आम्लाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. त्याने कोंबडीच्या आणि माणसाच्याही डोळ्यांची व श्वसनमार्गाची आग होते. कोंबडी जमिनीलगत श्वास घेत असल्याने माणसाला वास जाणवण्याआधीच तिला त्रास सुरू झालेला असू शकतो. यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला म्हणजे व्यावसायिक कुक्कुटपालनातील गादी पद्धतीची लहान आवृत्ती: भाताचे तूस किंवा रंध्याचा लाकडी भुसा पसरलेला एक कोपरा वा ट्रे, जो कोरडा ठेवून वारंवार बदलला जातो. दुसरा म्हणजे शेपटीखाली बसवलेला कापडी लंगोट. तो दर दोन-तीन तासांनी रिकामा करावा लागतो, रात्री काढावा लागतो, आणि ओला राहिल्यास त्याखालील कातडी सडून माश्यांच्या अळ्या होण्याचा धोका असतो. कोंबडीला ठरावीक जागी विष्ठा करण्याचे पक्के शिक्षण देता येत नाही. ती बुद्धीने कमी पडते म्हणून असे होते, असे नाही. बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलँड यांनी अमेरिकेत कोंबड्यांना खेळ व कसरती शिकवून त्यावर व्यवसाय उभारला होता. मात्र विष्ठेवर तिचे मांजरासारखे ऐच्छिक नियंत्रण नसते.

धुळीत लोळणे ही कोंबडीची हौस नसून गरज आहे. संधी मिळाल्यास ती साधारण एक दिवसाआड, वीस ते तीस मिनिटे धूळस्नान करते. त्याने पिसांतील जादा तेल निघते व उवा-माइट यांना आळा बसतो. धूळ उपलब्ध नसली तरी ही प्रेरणा नाहीशी होत नाही. जाळीच्या पिंजऱ्यातील कोंबड्या रिकाम्या तारांवर लोळण्याचे हावभाव करतात, आणि घरातील कोंबडी तेच पायपुसण्यावर किंवा अंथरुणावर करते. उथळ घमेल्यात कोरडी वाळू व थोडी चुलीची राख भरून ठेवली तर हा प्रश्न सुटतो. अर्थात वाळू घरभर उडते. उकरण्याच्या सवयीसाठी भुशात ज्वारी-बाजरीचे दाणे विखरून ठेवले जातात.

प्रकाशाचे गणित घरात हमखास बिघडते. दिवसाची लांबी १४ ते १६ तासांपर्यंत गेली की कोंबडीचे अंडाशय सर्वाधिक कार्यरत राहते. ज्या खोलीत रात्री अकरापर्यंत दिवे आणि दूरचित्रवाणी चालू असते, तेथे तिच्या शरीराला बारमाही उन्हाळाच भासतो. विश्रांतीचा व पीस गळून नवे येण्याचा नैसर्गिक काळ त्यामुळे लांबतो आणि प्रजननमार्गावर ताण येतो. म्हणून संध्याकाळी तिला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात झाकून ठेवणे इष्ट मानतात. दुसरी बाब ड जीवनसत्त्वाची आहे. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, परंतु कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण काच अडवते. बंद खिडकीजवळ ऊन खात बसलेली कोंबडी उबदार असते, पण तिला त्या उन्हाचा हाडांसाठी उपयोग होत नाही. उघडी जाळीची खिडकी, सज्जा किंवा खाद्यातून दिलेले ड-३ जीवनसत्त्व यांनी ही उणीव भरून निघते.

कोंबडीचे शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते व तिला घर्मग्रंथी नसतात. हवा तापली की ती चोच उघडून धापा टाकते व पंख अंगापासून दूर धरते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालील खोली तिच्यासाठी प्राणघातक ठरू शकते. स्वयंपाकघराशी संबंधित एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो: न चिकटणाऱ्या तव्यावरील पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीनचा (टेफ्लॉन) लेप अतितप्त झाल्यास निघणारा धूर माणसाला फारसा जाणवत नाही, पण पक्ष्यांची फुप्फुसे त्याने काही मिनिटांत निकामी होतात.

सहवास व वर्तन

कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याचा ठरलेला क्रम असतो. नॉर्वेजियन संशोधक थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेला याविषयीचा प्रबंध १९२० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केला, आणि ‘टोचण्याचा क्रम’ ही कल्पना पुढे सर्व प्राणिवर्तनशास्त्रात रुजली. एकटी ठेवलेली कोंबडी हा क्रम घरातील माणसांवर लावते. ती एखाद्या व्यक्तीमागे सतत फिरते, तर घरातील लहान मुलाच्या पायाला टोचून आपले वरचे स्थान सिद्ध करते. अंड्यातून बाहेर येताच दिसणाऱ्या हलत्या वस्तूमागे पिल्ले जातात, हे डग्लस स्पॉल्डिंग याने १८७३ मध्येच नोंदवले होते. हाताने वाढवलेले एकटे पिल्लू याच कारणाने माणसालाच आपला कळप मानते. मालकाला हे प्रेम वाटते. पक्ष्याच्या बाजूने पाहिल्यास घरातील सर्व माणसे कामावर व शाळेत गेली की तिचा कळप रोज आठ-दहा तास नाहीसा होतो. म्हणून किमान दोन, शक्य तर तीन कोंबड्या एकत्र ठेवाव्यात असा सल्ला दिला जातो.

ब्रिस्टल विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या प्रयोगात, पिल्लांवर हवेचा सौम्य झोत सोडला असता ते पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढल्याचे व डोळ्याजवळील तापमान घटल्याचे आढळले. कोंबडीचे भावजीवन पूर्वी समजले जाई त्याहून समृद्ध असल्याचे हे एक द्योतक मानले जाते.

वर्षातून एक-दोनदा कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवण्यास बसते. घरात ती यासाठी कपाटाचा तळ, पलंगाखालची पेटी किंवा धुण्याची टोपली निवडते. अंडी फलित नसली तरी ती बसूनच राहते. खाणेपिणे कमी होते व वजन घटते. उबवणीचा नैसर्गिक काळ २१ दिवसांचा असल्याने केवळ वाट पाहणे इष्ट नसते. अंडी रोज उचलणे, घरटे हलवणे आणि पोटाखालून हवा खेळेल अशा जाळीवर काही दिवस ठेवणे हे प्रचलित उपाय आहेत.

आहार

अंडी देणारी मध्यम कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि २०० ते ३०० मिलिलिटर पाणी पिते. उन्हाळ्यात पाणी याच्या दुप्पट लागू शकते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे लागते. शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवल्यास ती गरजेनुसार घेते. दात नसल्याने पेषणीत अन्न दळण्यासाठी तिला बारीक खडे हवे असतात. परसात ते आपोआप मिळतात, घरात द्यावे लागतात. केवळ तांदूळ, पोळीचे तुकडे आणि शिळा भात यांवर वाढलेली कोंबडी लठ्ठ पण कुपोषित होते. चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो, कच्चा राजमा, हिरवट बटाटा व खारवलेले पदार्थ तिला अपायकारक आहेत.

आवाज

कोंबडी अंडे घातल्यावर काही मिनिटे कलकलाट करते, एरवी तिचा आवाज माणसांच्या संभाषणाहून फार मोठा नसतो. कोंबड्याचे आरवणे मात्र जवळून मोजल्यास १०० डेसिबलच्याही वर जाते. त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या शहरात कोंबडी पाळण्यास परवानगी, पण कोंबड्यास बंदी आहे. कोंबड्याला टोपलीखाली किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवून आरवणे थांबवण्याचा प्रयत्न सर्वत्र केला जातो. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही शरीरातील जैविक घड्याळानुसार पहाटेच्या सुमारास आरवतात. कोंबडे झाकून तांबडे फुटायचे राहत नाही, ही मराठी म्हण सूर्याबद्दल बोलते. झाकलेल्या कोंबड्याला तांबडे फुटण्याची वेळ कळायचीही राहत नाही, एवढी भर या संशोधनाने घातली. फ्रान्समध्ये शेजाऱ्यांनी ‘मॉरिस’ नावाच्या कोंबड्याविरुद्ध केलेला दावा २०१९ मध्ये न्यायालयाने फेटाळला व २०२१ मध्ये ग्रामीण भागातील ध्वनी आणि गंध यांना वारशाचा दर्जा देणारा कायदा झाला. चाळीच्या एका भिंतीपलीकडे मात्र असा वारसा शेजाऱ्याला मान्य होईलच असे नाही.

रस्त्यावरील रंगीत पिल्ले

भारतीय शहरांत घरातील कोंबडीची कथा बहुधा टोपलीतील गुलाबी, हिरव्या व निळ्या पिल्लांपासून सुरू होते. अंड्यांच्या व्यवसायासाठी उबवलेल्या पिल्लांपैकी सुमारे निम्मी नर असतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही त्यांची वाढ सावकाश होते. म्हणून उबवणी केंद्रांच्या दृष्टीने ती निरुपयोगी ठरतात. जगभर अशी पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली. भारतात त्यांपैकी काही पिल्ले फेरीवाल्यांकडे पोहोचतात आणि रंगात बुडवून शाळांच्या बाहेर, बाजारांत व जत्रांत खेळण्याच्या किमतीला विकली जातात. हा रंग कोवळ्या पिसांवर असतो आणि काही आठवड्यांत नवी पिसे आली की निघून जातो.

ही पिल्ले बहुतेकदा पहिल्या आठवड्यातच मरतात, आणि मुलांना ‘ते आजारी होते’ असे सांगितले जाते. कारण बहुधा साधे असते: थंडी. पिल्लू पहिले काही दिवस स्वतःचे तापमान राखू शकत नाही. त्याला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते व ती दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यावी लागते. फरशीवरील पुठ्ठ्याच्या खोक्यात, पंख्याखाली, एकट्याने ठेवलेले पिल्लू सतत चिवचिवते ते उबेसाठी आणि सोबतीसाठी. खोक्याच्या एका टोकाला टांगलेला दिवा, दुसऱ्या टोकाला त्यापासून दूर जाण्यास जागा, उथळ पाणी आणि पिल्लांचे चुरा खाद्य एवढ्या गोष्टींनी जगण्याची शक्यता बरीच वाढते. पिल्ले दिव्याखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी आहे, आणि दूर पळून चोची उघडत असतील तर जास्त आहे, असे समजावे.

जे पिल्लू जगते ते बहुधा नरच असते. चार-पाच महिन्यांत त्याला तुरा फुटतो व ते आरवू लागते. शेजाऱ्यांची तक्रार येते आणि कुटुंबापुढे दोनच मार्ग उरतात: गावी नातेवाइकांकडे पाठवणे किंवा खाटकाकडे देणे. नाव ठेवलेल्या कोंबड्याबाबत हा निर्णय घेण्याची वेळ आलेली कुटुंबे शहरांतून कमी नाहीत.

आरोग्य

कोंबडीचे आजार: घरातील कोंबडी इतर पक्ष्यांच्या संपर्कात कमी येत असली तरी रोगमुक्त नसते. मानमोडी (राणीखेत) रोगाचा विषाणू कपडे व पादत्राणांवरून घरात येऊ शकतो. त्यासाठी पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस देतात. देवी आणि मॅरेक्स रोगावरही लसी आहेत. तांबडे माइट दिवसा फटींत दडतात व रात्री रक्त पितात. लाकडी सामानाने भरलेल्या खोलीतून त्यांचा नायनाट करणे अवघड असते आणि ते माणसालाही चावतात. तांबडी रानकोंबडी वर्षाला जेमतेम १० ते १५ अंडी घालते, तर व्यावसायिक संकर ३०० हून अधिक. या अतिरेकी उत्पादनाची किंमत अंडे अडकणे, उदरपोकळीचा दाह व अंडाशयाचा कर्करोग या रूपांत मोजावी लागते. त्यामुळे अशा कोंबड्या तीन-चार वर्षांत दगावतात, तर जुन्या जातींच्या कोंबड्या आठ-दहा वर्षेही जगतात. पशुवैद्यकीय शिक्षणात कोंबडीचा विचार मुख्यत्वे कळपाच्या पातळीवर होत असल्याने एकट्या कोंबडीवर शस्त्रक्रिया करणारे वैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच सापडतात. प्रतिजैविके दिलेल्या काळात व त्यानंतर ठरावीक दिवस अंडी खाऊ नयेत.

माणसाला असलेला धोका: निरोगी दिसणारी कोंबडीही विष्ठेतून साल्मोनेला जीवाणू टाकू शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २०२० मध्ये घरगुती कोंबड्यांशी संबंधित साल्मोनेलाच्या १,७०० हून अधिक रुग्णांची नोंद केली. हे केंद्र कोंबड्यांना घरात, विशेषतः जेथे अन्न शिजवले व खाल्ले जाते तेथे, आणू नये असा स्पष्ट सल्ला देते. त्यांचे मुके घेऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी त्यांना हाताळू नये, असेही त्यात म्हटले आहे. एकखणी घरात स्वयंपाकाची जागा वेगळी नसते. त्यामुळे हा सल्ला तेथे पाळणे जवळजवळ अशक्य होते. पिसांच्या व विष्ठेच्या सुक्या धुळीने संवेदनशील व्यक्तींना फुप्फुसांचा अ‍ॅलर्जीजन्य दाह होतो. दमा असलेल्या घरात कोंबडी ठेवू नये.

भारतात पाळीव पक्ष्यांतील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला आणि परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. देशाच्या सध्याच्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणाभोवती १ किलोमीटर परिघातील कोंबड्या, परसातील कोंबड्यांसह, नष्ट केल्या जातात. कोंबडी व्यवसायाची आहे की जिव्हाळ्याची, हा भेद विषाणूच्या दृष्टीने अर्थहीन असल्याने शासनही तो करत नाही.

कायदेशीर स्थिती

भारतात घरात कोंबडी पाळण्याविषयी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांचे आरोग्य व उपद्रवविषयक नियम आणि गृहनिर्माण संस्थांचे उपविधी लागू होतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, कलम ११ नुसार, हालचालीस पुरेशी लांबी, रुंदी व उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा गुन्हा ठरवतो. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या अधिनियमानुसार अनुसूचित रोगाची शंका आल्यास कळवणे मालकाचे कर्तव्य आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी तिची नोंदणी सक्तीची झाली. बर्ड फ्लूच्या काळात तेथील शासनाने सर्व पाळीव पक्षी बंदिस्त ठेवण्याचे आदेशही काढले होते. मुक्त चरण्याचा पुरस्कार करणाऱ्यांना त्या वेळी आपल्या कोंबड्या महिनोन्‌महिने छताखाली ठेवाव्या लागल्या.

मतभेद

या प्रथेचे समर्थक म्हणतात, की व्यावसायिक पिंजऱ्यातील कोंबडीच्या तुलनेत घरातील कोंबडीला कितीतरी अधिक जागा, वैयक्तिक उपचार आणि शिकाऱ्यांपासून संरक्षण मिळते. ही तुलना खरी असली तरी सोयीची आहे. पिंजरा हे मोजमाप धरले तर जवळजवळ कोणतीही स्थिती चांगलीच ठरेल. विरोधकांचा भर ब्रँबेल अहवालातून विकसित झालेल्या ‘पाच स्वातंत्र्यां’पैकी नैसर्गिक वर्तनाच्या स्वातंत्र्यावर असतो. उकरणे, धुळीत लोळणे, स्वजातीयांत राहणे आणि ऊन-सावली स्वतः निवडणे यांतले काहीच बंद खोलीत पुरेसे साधत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. पायाने अधू, अंध किंवा पिसे झडलेल्या कोंबडीसाठी मात्र घर हाच एकमेव सुरक्षित पर्याय असू शकतो, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. अशी कोंबडी बरी झाल्यावर तिला पुन्हा कळपात सोडणे सोपे नसते. जुन्या कळपाने टोचण्याचा क्रम तिच्याविना नव्याने बसवलेला असतो, आणि परतलेल्या कोंबडीला अनोळखी समजून रक्त येईपर्यंत टोचले जाते. यासाठी काही आठवडे जाळीच्या आडून एकमेकांना दिसू देणे आणि मग संध्याकाळी, अंधार पडल्यावर, झोपण्याच्या दांडीवर इतरांशेजारी नेऊन बसवणे ही पद्धत वापरली जाते.